गौतमीचा प्रोग्रॅम

नेरे, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय गौतमी,

दिवाळीच्या तुझ्या मेसेजला नुसता अंगठा पाठवून गप्प बसले. त्याआधीही कितीतरी महिने उत्तर नव्हतं. माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

तू बसवून दिलेली बाटल्या भरायची लाइन अजून चालते. दर गुरुवारी लाईट जाते, आली की मशीनला आधीचं सगळं आठवतं. बाटल्यांची मोजणीसुद्धा चुकत नाही. ऑपरेटर वाल्मीकमामा नव्या लोकांना सांगतात, "गौतमी मॅडमनी शिकवलंय त्याला. लई गुणाचं हाय." मग माझ्याकडं बघून, "तुमी बी हायच की, मॅडम." तू गेल्यापासून सेन्सर मी बदलले, मोटरी मी उतरवल्या. नाव तुझंच. तुझे म्युनिकचे फोटो बघून जळत नाही तेवढी त्या लाइनच्या कंट्रोल पॅनेलसमोर जळते. कॉलेजात माझे मार्क तुझ्यापेक्षा जास्त होते. हे मी अजून धरून बसलेय, याची लाज वाटते.

काल पॅनेलमधल्या पीएलसीवर, लाइन चालवणाऱ्या त्या छोट्या कॉम्प्युटरवर, बॅटरीचा लाल दिवा लागला. लाईट नसताना तुझा प्रोग्रॅम त्या बोटभर बॅटरीच्या जोरावरच मेमरीत टिकतो. एकुलती एक कॉपी असलेला लॅपटॉप केव्हाच बिघडून गेला. म्हणजे गुरुवारच्या आत बॅटरी बदलायला हवी, तीही मेन चालू ठेवून. मेन बंद असताना जुनी काढली आणि नवी बसवायला जरा उशीर झाला, की सगळं पुसलं जाणार. आणि आपल्या कंपनीचा नियम तुला पाठ आहे: पॅनेल उघडण्याआधी मेन बंद. चालू पॅनेलसाठी वेगळी परवानगी लागते. ती मी मागितलीच नाही.

आज नवी बॅटरी खिशात घेऊन मेन स्विचपाशी गेले. नियम पाळला म्हणून मला कुणी बोलणार नव्हतं. तुझा प्रोग्रॅम पुसला गेला असता, लाइन काही दिवस बंद राहिली असती, मग माझा प्रोग्रॅम आला असता. हात स्विचवर होता. मागून मामा म्हणाले, "काय झालं, मॅडम? घाम फुटलाय." काही नाही म्हणून परत आले.

उद्याचा एकच दिवस उरलाय आणि मला स्वतःचा भरवसा वाटत नाही. या कागदाचा फोटो काढून आत्ताच तुला पाठवते. तुला सगळं ठाऊक असलं, की 'नियमानं केलं, चुकून गेलं' असं उद्या मला म्हणता येणार नाही. त्यासाठीच लिहिलं.

तुझीच, तुझ्यावर जळणारी,
क्षितिजा

उद्या: शिफ्ट सुरू होताच चालू पॅनेल उघडायची परवानगी मागणे.