पूल पडला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?

४ फेब्रुवारी

आज सगळ्यांसमोर बिनपाण्यानं झाली माझी!

भिंतीवर आमच्या भागाचा आलेख. कुठल्या वयाची किती माणसं. नुसता कंगवा! चाळीस वर्षांचे दोनशे बारा, एकेचाळीसचे नऊ. पन्नासचे एकशे ऐंशी, एक्कावन्नचे चार. आरोग्य-पाहणीचे आमचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडे माणसं दर दहा वर्षांनी एकदम जन्माला येतात वाटतं?" सगळे हसले. लंबूसुद्धा — माझ्याबरोबर त्याच गल्ल्या फिरतो, तीच घरं मोजतो, आणि हसला!

मग डॉक्टर हसायचे थांबले. जूनपर्यंत वयं सुधारली नाहीत तर आमचा भाग पाहणीतून बाद. भाग गेला की दर मंगळवारची नर्सही गेली. लसी, वजनकाटा, सगळंच. बाराशे घरं आहेत!

पण करू काय? जन्माचा दाखला आहे कुणाकडे? वय विचारलं की "लिहा चाळीस." जसं काही मी भाव विचारतेय.

५ फेब्रुवारी

लंबूशी बोलले नाही.

१२ फेब्रुवारी

सापडलं!!

शिवणवाल्या मावशींकडे गेले होते. वय? "लिही पन्नास." मला रडूच यायला लागलं. टॅब मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. त्यांना वाटलं पोरगी दमलीय. मशीन थांबवून गप्पा मारायला लागल्या. "जुना पूल पडला ना, तेव्हा मी सातवीत. गणिताचा पेपर बुडाला. काय आनंद झाला होता!"

पूल कधी पडला ते शोधता येतं. सातवीतली पोर केवढी असते तेही. लोकांना साल माहीत नाही, पण काय झालं आणि तेव्हा आपण काय करत होतो — तोंडपाठ!

मावशी पन्नासच्या नाहीतच. सत्तावन्न!

२ मार्च

तिसरा रविवार वाचनालयात. जुनी वर्तमानपत्रं चाळून नाकात धूळ. आज लंबू न बोलावता आला, समोर बसला, शिंकत शिंकत पानं उलटू लागला. तासाभरानं म्हणाला, "त्या दिवशी हसलो. चुकलंच." केलं माफ. चहाही त्याच्याच खिशातून.

एकतीस घटना जमल्या. पूल पडला. गिरणीला आग. पहिली बस. टाकी बांधली. पोरांसाठी अलीकडच्या — शाळेचे पत्रे उडाले, पाइपसाठी रस्ता खोदला, टॉवर उभा राहिला. प्रत्येकीपुढे महिना आणि साल.

डॉक्टरांना दाखवली यादी. "आठवणींवर विज्ञान चालत नाही," म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत! दाराशी गेल्यावर हाक मारली — "करून बघा."

१८ मार्च

आजचा दिवस विसरायचा नाही.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मुलगी. आमच्याकडे नोंद — दोन वर्षं. वजन तक्त्यात हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ठीक. सवयीनं विचारलं, "रस्ता खोदला तेव्हा ही पोटात होती का?"

"पोटात? अहो, चांगली पळत होती! खड्ड्यात पडली, हनुवटीला टाके पडले."

रस्ता खोदला त्याला अडीच वर्षं झाली! म्हणजे ही पोर साडेतीनची तरी असणारच. तोच तक्ता, तेच वजन — थेट लाल. आई म्हणाली, "आमच्यात सगळेच बारीक हो." मी पोरीला तशीच कडेवर घेतली आणि नर्सकडे निघाले. काहीच वजन नव्हतं तिला.

२४ एप्रिल

पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांची वयं यादीवरून नव्यानं लावली. तेवीस जणांची वयं चुकीची. तेवीस! सगळी लाल पट्ट्यातली, सगळी आमच्या कागदावर ठणठणीत. आता तेवीसच्या तेवीस नर्सच्या वहीत.

६ मे

इस्त्रीवालीची पोर — नऊशे ग्रॅम वाढली! नर्सनं काटा दोनदा शून्यावर आणून बघितला. पोरीनं माझ्या हातातलं पेन हिसकावलं, देईना. अंगात जोर आलाय बयेच्या!

११ जून

जिंकलो!!!

नवा आलेख लागला भिंतीवर. कंगवा गायब. एखाद्या टेकडीचा उतार असावा तशी सलग रेघ. डॉक्टर खुर्चीतून उठले, जवळ जाऊन बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं. मग वळून म्हणाले, "आठवणींवर विज्ञान चालतं म्हणायचं." लंबूनं बाकावर अशी थाप मारली की कप उलटला.

आमचा भाग राहणार. नर्स राहणार — आणि आठवड्यातून दोन दिवस! बाकीच्या सहा भागांनाही अशाच याद्या करायच्या आहेत. शिकवणार कोण? मी!

घरी येताना उगाच लांबच्या रस्त्यानं आले. एकटीच हसत होते.

२० जून

आज आमच्या घराची पाळी, भागातलं तेवढं एकच राहिलं होतं. आपलं घर आपण मोजायचं नाही असा नियम, म्हणून लंबू आला. मी चुपचाप कोपऱ्यात.

आई म्हणाली, "लिही साठ." लंबूनं एकेक विचारत नेलं. ती पूल पडला तेव्हा दुसरीत, पहिली बस आली तेव्हा चौथीत. बेरीज झाली — बावन्न!

दादा ओरडला, "आई, आठ वर्षं फुकट मिळाली तुला!" आईचा विश्वासच बसेना. आरशासमोर जाऊन उभी राहिली, केस मागे घेतले. "तरीच म्हटलं, गुडघे अजून का दुखत नाहीत!" हसून हसून पोट दुखलं आमचं.

२१ जून

दादाचा जन्मदाखला आहे. दवाखान्याचा, शिक्क्याचा. दादा एकोणचाळीसचा.

बावन्नातून एकोणचाळीस गेले. तीनदा केली वजाबाकी. तेरा.

आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "सगळे म्हणायचे, तू मोठी झालीस. मला वाटलं, झालेच असेन."