चौसष्ट टक्के ओल

४ डिसेंबर १९९३

आजही पॅनलला हात लावू दिला नाही! आठ दिवस झाले. आश्रुबा वस्ताद म्हणतात, "आधी हवा शीक, मंग खटके." हवा काय शिकायची? आयटीआयला पहिला आलेला मुलगा मी — इथे सूतगिरणीत कापूस चोळत बसलोय. वस्ताद चिमूटभर कापूस बोटांत पिळतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "पन्नास टक्के बी न्हाई. पानी सोड." मग फवाऱ्याचा पंप सुरू. हवेत ओल कमी पडली की धागा तुटतो आणि कापसाची लव उडून यंत्रांवर बसते. तिला ठिणगी पुरते. हे तर पुस्तकातही आहे.

आम्ही दोन शिकाऊ. मार्चमध्ये एकालाच पर्मनंट करणार. आई रोज विचारते, मी रोज चिडतो.

१२ डिसेंबर

शेवटी पॅनल! साधंच आहे. हवेत तापमापकाच्या दोन नळ्या — एक कोरडी, एक ओली. ओलीच्या टोकाला कापडी वात, वातीखाली पाण्याचा कप. दोन्हींच्या तापमानातल्या फरकावरून पॅनल हवेत किती ओल आहे ते ठरवतं आणि पंप आपोआप चालू-बंद करतं. माणसाने बघायचीसुद्धा गरज नाही. मी फक्त दर तासाला आकडा रजिस्टरात लिहायचा.

कपात डिस्टिल्ड पाणीच घालायचं. वस्तादांनी तीनदा बजावलं. "हितल्या बोअरचं पानी लय जड. वातीवर चुना धरतो." वात आठवड्याला बदलायची.

२३ डिसेंबर

सरजाबाई यंत्रांखालची लव झाडते. आज सगळ्यांसमोर मला म्हणाली, "का रं पॅनलवाल्या, लगीन त्या डब्याशीच लावतोस का?" सहा नंबरच्या मशीनवरची कावेरी खळखळून हसली. मी लाल झालो. कावेरीचं हसणं आवडतं मला. इथेच लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.

१३ जानेवारी १९९४

विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागणार म्हणून सगळं तंग. एसटी बंद. वस्ताद संक्रांतीसाठी गावी गेले ते तिकडेच अडकले — देवगाव फाट्यापासून आत दोन कोस. औरंगाबादचा ट्रक आला नाही, डिस्टिल्ड संपलं. स्टोअरकीपर म्हणतो, "पानी म्हंजी पानीच की!" पिंपातलं बोअरचं भरलं. दोन दिवसांचा तर प्रश्न.

१६ जानेवारी

निकाल लागला. गाड्या अजून नाहीत. सुट्या वाती वस्तादांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. पण पॅनल झकास चाललंय — चौसष्ट टक्के. दुसरा शिकाऊही गावाकडे अडकलाय, सगळा विभाग मी एकटा सांभाळतोय! इंजिनिअर साहेब म्हणाले, "शाब्बास बन्सीधर." मार्चचं जमणार बहुतेक.

१८ जानेवारी

कावेरी पॅनलपाशी आली. "धागा लय तुटायलाय. नाकातोंडात लव जायलीय. पानी सोडा की वो."

मी आकडा दाखवला. चौसष्ट. म्हणालो, मशीन खोटं बोलत नाही.

"मंग मी खोटं बोलायलेय का?" म्हणाली आणि फणकाऱ्याने गेली.

राग आला. वस्ताद असते तर कापूस चोळत बसले असते. मी पॅनल वाचतो.

२० जानेवारी

आग. सहा नंबर. कावेरी.

२३ जानेवारी

आज लिहायला बसलो.

यंत्राचं बेअरिंग तापलं. वरची लव पेटली आणि जाळ बघता बघता छताच्या लवेतून पसरला. कावेरीच्या पदराने पेट घेतला. आम्ही पोती टाकली. नांदेडला नेलं. काल पहाटे गेली. बावीस वर्षांची होती.

वस्ताद परवा ट्रकमध्ये उभं राहून आले. जळालेलं यंत्र बघितलं नाही, सरळ नळ्यांपाशी गेले. वात काढली. पांढरी, चुन्याने कडक झालेली. कपात पाणी होतं, पण वात ते जेमतेम शोषत होती! ओली नळी निम्मी कोरडीच होती. दोन्हींतला फरक कमी झाला, म्हणून पॅनलला हवा ओली वाटली. पंप किती दिवस बंद होता, देव जाणे. मी रोज चौसष्ट लिहीत होतो.

वस्तादांनी वात खिशात घातली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मारलं असतं तर बरं झालं असतं.

२८ जानेवारी

चौकशी झाली. टेबलावर माझं रजिस्टर. "हवा एवढी ओली, मग लव पेटली कशी?" कुणीतरी सरजाबाईचं नाव घेतलं. ती सकाळी गोदामामागे तंबाखू भाजून मिसरी करते. चार बाया करतात तिथे! गोदाम दुसऱ्या टोकाला आहे. तरी तिला विचारलं, "काडी विझवली होती का?" बिचारी गोंधळली. "इझवली असंल... ध्यानात न्हाई साहेब."

मग मला. पॅनल ठीक होतं? — होय. पाणी कोणतं? — डिस्टिल्ड.

जबाबावर सही केली. वस्ताद समोर मान खाली घालून बसले होते.

सरजाबाईला कामावरून काढलं.

९ फेब्रुवारी

वस्ताद आज पहिल्यांदा बोलले. "मी तुज्यासाठी गप हाय. तू कुनासाठी हायस?"

मला माहीत आहे कुणासाठी. माझ्याचसाठी. भित्रा आहे मी.

१७ फेब्रुवारी

सरजाबाई कावेरीच्या दारात रोज जाऊन बसते म्हणे. आत घेत नाहीत. तरी बसते.

१ मार्च

पर्मनंट झालो. आईने गल्लीभर पेढे वाटले. माझ्या हातातला पेढा मी कोनाड्यात ठेवून दिला.

६ मार्च

सरजाबाईच्या घरी गेलो. सगळं सांगितलं — बोअरचं पाणी, वात, कावेरीची तक्रार, चौकशीतलं खोटं. म्हणालो, आग माझ्यामुळे लागली. उद्या साहेबांना तसं लिहून देतो.

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "किती गुणाचं लेकरू! माजं पाप हलकं करायला खोटं बोलायलंय. ती काडी मीच इझवली न्हाई रं. रोज डोळ्याम्होरं दिसती."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती मान हलवत राहिली.

"माज्यापायी खोटी सही करू नको, बाबा," ती म्हणाली. "देव बघतो."