चिंचोक्यांचं मडकं आणि फ्रेंच गाव

प्रिय बाबा,

त्या फ्रेंच गावात सासरी गेलेल्या पोरी मोजतात की नाही? तुझ्या या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. बी. ए. होऊनही नाही. परवा गावदेवीची जत्रा झाली, तुझ्यावाचूनची पहिली. म्हणून आज लिहायला बसले.

आठवतं ना ते गाव? कॉलेजात मी फ्रेंच घेतलं. आपल्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे 'नको' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. तू पडवीत जाळं विणायचास आणि मी पुस्तकातला धडा तुला मराठीत सांगायची. डोंगरातलं एवढंसं, पण खरंखुरं गाव, एक चर्च, एक पाणचक्की. पूर्वी घरं भरलेली; मग तरुण माणसं शहरात गेली आणि वस्ती शंभराच्या आत आली. ते ऐकून तुझा हात थांबला.

मग दर सुट्टीत माझ्याआधी त्या गावाची चौकशी! चक्की चालू आहे का? कुणाकडे बारसं झालं का? पुस्तकातलं गाव बदलत नाही, हे तुला पटायचंच नाही. शेवटी मी माझ्या मनानेच तिथे एक बाळ जन्माला घातलं. केवढा खूश झालास! आईला चहा टाकायला लावलास.

आपल्या बोनकोडे गावाची मोजणी तुझ्याकडे होती, मडक्यातल्या चिंचोक्यांत. माणूस जन्मलं की एक टाकायचा, गेलं की एक काढायचा. जत्रेच्या प्रसादाचे वाटे त्यावरून पडायचे. पोर सासरी गेली तरी तिचा चिंचोका आतच. तिचा वाटा पानात बांधून तिच्या गावी जायचा.

मग शिरगणती आली आणि मी शिक्षिका, म्हणून आपल्या गावाचं काम माझ्याकडे. काय माझी ऐट! माझी यादी आणि तुझं मडकं जुळेना. मी सासरी गेलेल्या पोरींचे चिंचोके मोजून बाहेर काढले आणि चुलीत टाकले. एक माणूस दोनदा मोजलं तर देशाची मोजणी चुकेल, असं तुला समजावलंही.

तू एवढंच म्हणालास, "पोर सासरी गेली, गावातून कमी झाली नाय. तुज्या त्या गावात मोजतात का गं पोरींना?"

मी पुस्तक उघडलं. त्यात नव्हतं.

त्या वर्षी वाटे कमी पडले. जासईहून धर्मीआत्याचा निरोप आला, माहेरानं मला मेली धरली काय? तू तुझा वाटा बांधलास आणि पहाटे जासईला निघालास. परतल्यावर मला एका शब्दाने बोलला नाहीस. बोलायचंस ना, बाबा!

यंदा तू कायमचा गेल्यावर गावची माणसं म्हणाली, सरकारी यादी आहे, आता मडकं कशाला? माझेच शब्द होते ते! मी म्हटलं, मडकं मी सांभाळते.

पांडूकाका हसला. "आनि तू सासरी गेलीस म्हंजे?"

"मग माजाबी चिंचोका आतच राहील, काका."

सगळे हसले आणि त्या हसण्यातच ते ठरून गेलं.

महिनाभर घरोघर फिरून सासरी गेलेल्या पोरींची नावं गोळा केली आणि नावागणिक एक चिंचोका मडक्यात परत टाकला. एका घरी मायलेकांचं भांडण लागलं, पोरी चार की पाच. सुना विचारू लागल्या, आमच्या माहेरी असं मडकं असेल का?

परवा कुणाचाही वाटा राहिला नाही. आत्याचा मी स्वतः नेला. तिने पान सोडलं आणि म्हणाली, "शिकलेल्या हाताचा वाटा बारीकच गं." पण मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आता मी असेपर्यंत एकही पोर मडक्यातून बाहेर जाणार नाही. हा शब्द तुला.

तुझा चिंचोका मात्र नियमाने काढावा लागला. तो चुलीत टाकवेना. इतके दिवस माझ्या कंपासपेटीत होता. काल त्या गावच्या पाटलाला फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं, तुझा प्रश्न विचारला, चिंचोका पाकिटात घातला आणि ठाण्याला जाऊन पत्र टपालात टाकलं. वस्ती कमी होतेय म्हणून तुलाच काळजी होती ना? एकाने वाढली.

तुझी मडकंवाली,
सुगंधा