एकशे दहा टाक्यांचं मशीन

२ फेब्रुवारी, सकाळी १०

आजपासून त्या टेलरशी संबंध संपला. कायमचा.

बावीस वर्षं माझी प्रत्येक पँट त्याने शिवली. आज नवी पँट घालून बघतो तर हुक एकीकडे, अडकवायची कडी दुसरीकडे. मध्ये चार बोटांचं अंतर. मी म्हटलं, माप चुकलंय तुझं. तो म्हणाला, साहेब, माप गेल्या वर्षीचं, तुम्हीच म्हणालात नवीन घेऊ नकोस. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघंही हसली.

पँट काउंटरवर आपटली. आणखी जोरात आपटायला हवी होती.

त्याच दिवशी, ११.३०

निर्णय झाला. घरीच शिवायचं. मशीन आणायचं.

सव्वीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. पट्ट्यावरून सरकणाऱ्या हजार बाटल्यांत एकीला केसाएवढी चीर असली तरी मला दिसते. ज्याला दुसऱ्याच्या कामातल्या चुका दिसतात त्याला ते काम येतंच. साधं लॉजिक आहे. हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी कंबर तर मोजून बघा. उत्तर दिलं नाही. आजपासून रागावर ताबा ठेवायचा ठरवलंय. डॉक्टर म्हणाले म्हणून नाही, माझं मी.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी

मुलीने जाहीर केलं की ती लग्न करतेय. पंधरा मार्चला, नोंदणी कार्यालयात. तारीखसुद्धा घेऊन झाली. मला सांगितलं. विचारलं नाही.

मुलगा पोहायला शिकवतो. मी म्हटलं, ठीक आहे, पण काम काय करतो? ती म्हणाली, बाबा, तेच काम. मी म्हटलं, दिवसभर ओलं राहणं ही नोकरी असेल तर आपल्या बाथरूममधली बादली एव्हाना रिटायर व्हायला हवी होती. विनोद चांगला होता. कुणी हसलं नाही.

मग म्हणाली, साक्षीदार म्हणून सही कराल ना? मी म्हटलं, बघू. ती आत निघून गेली. ही म्हणते मी ओरडलो. ओरडलो नाही. आवाजच मोठा आहे.

ठरलं. पंधरा मार्चला स्वतःच्या हाताने शिवलेली पँट घालून जाणार. कळू दे त्या पोहणाऱ्याला गाठ कुणाशी आहे.

८ फेब्रुवारी, दुपार

मशीनच्या दुकानात गेलो. विक्रेत्या बाईने पहिला प्रश्न हिला विचारला. ताई, काय काय शिवणार तुम्ही? मी समोर उभा. एवढा मोठा माणूस. मी म्हटलं, मी शिवणार. त्यावर 'अरे वा' म्हणाली. लहान मूल आपण होऊन जेवलं की म्हणतात तसं 'अरे वा'.

तिने एक पायाचं दाखवलं, एक हाताचं, आणि एक विजेवर चालणारं, सरळ टीप मारणारं. म्हणे नवशिक्याला हेच बरं. नवशिक्या! ही त्या साध्या मशीनचं चाक फिरवत बसली. कापडाचा तुकडा मागून घेतला, त्यावर एक ओळ मारली, उलटून पाहिली, पुन्हा मारली. मी म्हटलं, खेळू नकोस, मोडलं तर गळ्यात पडेल.

सगळ्यात वरच्या फळीवरचं मशीन घेतलं. एकशे दहा टाके. पानं, फुलं, लाटा, बदकं. बाई म्हणाली, रोजच्या कामाला यातले तीनच लागतात. मी म्हटलं, तुम्हाला लागत असतील.

९ फेब्रुवारी, दुपारी १

सकाळपासून दोरा ओवतोय. माहितीपुस्तकात सात भाषा आहेत आणि सातही भाषांत चित्र एकच, तेही चुकीचं. मशीन सदोष आहे असं लेखी कळवायचं ठरवलं. मसुदा तयार केला. तेवढ्यात हिने सुई काढून उलटी बसवली आणि दोरा गेला. योगायोग.

१२ फेब्रुवारी

सुया मोडल्या: सहा. हलक्या प्रतीचा माल. आमच्या खात्यात असला लॉट मी गेटवरूनच परत पाठवला असता.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११

पहिलं काम पूर्ण! उशीचा अभ्रा. टीप कशी, तर दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढली तरी उसवणार नाही. चारही बाजूंनी पक्का शिवला.

ही म्हणाली, छान आहे, पण उशी कुठून घालायची?

काही लोकांना दुसऱ्याचं कौतुक करताच येत नाही. हा नमुना म्हणून शिवला होता, असं सांगितलं. नमुन्यात कुणी उशी घालत नाही.

१८ फेब्रुवारी

मशीन बदकांवर अडकलंय. कुठलंही बटण दाबा, बदकं. स्वयंपाकघराच्या पडद्याला खालून सरळ टीप हवी होती, तिथे बावन्न बदकं एका रांगेत चाललीत. मशीनच्या डोक्यावर एक चापट मारली. आता बदकं उलटी चालतात.

दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. वयस्कर बाई, जाड चष्मा. त्यांनी एक बटण तीन सेकंद दाबून धरलं आणि झालं म्हणाल्या. हे कुणीही केलं असतं. नंतर ही त्यांना अर्धा तास प्रश्न विचारत बसली. ताण किती ठेवायचा, गळ्याला पट्टी कशी लावायची, जाड कापडाला कुठली सुई. गळ्याची पट्टी हिला कशाला हवी? बाईंचा वेळ फुकट गेला. मला लाज वाटली.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

एक गोष्ट लक्षात आलीय. मशीन सुधारतंय. कामावरून आल्यावर बसतो तर पूर्वीसारखं अडत नाही, दोरा गुंतत नाही. माझ्या हाताला सरावलं. मशीनला शिस्त लावणारा माणूस लागतो.

दोष मात्र आहेत. सकाळी पांढरा दोरा ठेवून गेलो, संध्याकाळी त्यात हिरवा. शिवाय मी दिवसभर घरात नसताना मशीन गरम होतं. विजेचा काहीतरी घोटाळा आहे. हिला सांगितलं, दुपारी जरा लक्ष ठेव. हो म्हणाली.

१ मार्च, दुपारी ४

पँट बेतली. नवीन माप घेण्याच्या भानगडीत पडलोच नाही. बारा वर्षांपूर्वीची माझी सगळ्यात चांगली बसणारी पँट घडी घालून कापडावर ठेवली, कडेकडेने खडू फिरवला आणि बरोब्बर रेघेवर कापलं. बोटभर कापड वाया नाही. टेलर लोक कडेने एवढं कापड सोडतात. शुद्ध लूट.

कापत असताना मुलगी आली. पोहणाऱ्याच्या आईवडिलांनी दुपारी भेटायला बोलावलंय म्हणे. मी म्हटलं, मी कामात आहे. ती म्हणाली, पँट नंतर शिवा ना बाबा. मी म्हटलं, लग्नही नंतर करता आलं असतं.

तिने चपला घातल्या आणि निघून गेली. ही पण तिच्याबरोबर गेली. जाताना माझ्या हातातली कात्री काढून कपाटात ठेवली. कशाला? मी फक्त कापड कापत होतो.

दोघी गेल्यावर घरात बरंच काम होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

४ मार्च

आजचा अपमान लिहून ठेवतो, विसरायला नको.

चेन कशी बसवायची एवढंच विचारायला पँटचे तुकडे घेऊन दुरुस्तीवाल्या बाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी तुकडे उजेडात धरले, माझ्याकडे बघितलं, आणि चार लोकांसमोर म्हणाल्या, अहो, तुम्ही मायाच ठेवली नाहीत.

मी ताडकन उठलो. म्हटलं, बाई, आमच्या घरातलं तुम्हाला काय माहीत? एकुलती एक मुलगी आहे माझी. ताप आला की रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरलोय. सायकल मी शिकवली. माझ्यात माया नाही हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण? हिने येऊन काही सांगितलंय का?

बाईंनी चष्मा काढून पुसला. हळूच म्हणाल्या, माया म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड हो. ते न सोडता कापलंत, आता पँट तंग होणार.

मी म्हटलं, मला माहीत आहे. तुकडे गोळा केले आणि आलो. चेनचं विचारायचं राहिलं.

८ मार्च, संध्याकाळी

पँट तयार. चेनऐवजी बटणं लावली, जास्त टिकतात. पोट आत ओढून उभा राहिलो तर उत्तम बसते. ही म्हणाली, बसून दाखवा. मी म्हटलं, लग्नात उभंच राहायचं असतं. म्हणाली, द्या इकडे, मागून उसवून एक पट्टी घालते. संताप आला. ज्या बाईने आयुष्यात बटणापलीकडे काही लावलं नाही ती मला पट्टी घालणार!

मुलीचा लग्नात घालायचा हिरवा झगा आलाय. दहा मिनिटं उजेडात धरून तपासला. शिवण बघितली, आतली बाजू बघितली, गळा बघितला. चूक मिळाली नाही. एकही. सव्वीस वर्षांत असं क्वचित झालंय. हिला विचारलं, कोण टेलर? म्हणाली, घरगुती करते, ओळखीचीच आहे. मी म्हटलं, बघ, याला काम म्हणतात. जा तिच्याकडे, शीक जरा.

म्हणाली, बरं.

१५ मार्च, दुपारी ४

घरी आलो. जमेल तसं लिहितो.

कार्यालयात तासभर उभा होतो. सगळे बसा म्हणत होते. पोहणाऱ्याने दोनदा खुर्ची आणून दिली. पाठ सरळ ठेवण्याचे फायदे त्याला समजावून सांगितले. हो काका म्हणाला.

तिकडे त्याची आई मुलीच्या झग्याला हात लावून विचारत होती, कुठून शिवून घेतलास? मुलगी म्हणाली, आईने शिवलाय, घरीच, महिन्याभरात शिकली. मी म्हटलं, मला माहीत होतं. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मग कारकून म्हणाला, साक्षीदार, या, इथे सही. टेबल गुडघ्याएवढं. वाकलो.

आवाज आला. लांबलचक आवाज. कंबरपट्टीपासून खालपर्यंत. कारकुनाने पंख्याकडे बघितलं. एक बटण घरंगळत दारापर्यंत गेलं.

मागे वळलो तर तो पोहणारा माझ्या पाठीशी येऊन उभा होता, भिंतीसारखा. अंगातला कोट काढला, दोन्ही बाह्या माझ्या पोटावर बांधल्या आणि एवढंच म्हणाला, बाबा, सही राहिलीय.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो हसेल, म्हणजे मला रागावता येईल. हसला नाही. बराच वेळ वाट बघितली.

सही केली. नाव नीट आलं नाही. मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. हसत होती की रडत होती, एवढ्या लांबून कळलं नाही. मला लांबचं दिसतं खरं तर.

सगळ्या फोटोंत माझ्या कमरेला कोट आहे.

१७ मार्च, सकाळी ११

सुट्टी टाकलीय. घर शांत. मुलीच्या खोलीत जाऊन आलो. कपाट उघडं होतं, आत नुसते हँगर. कुणीतरी दार लावायला हवं होतं. कुणावर तरी ओरडायला म्हणून बाहेर आलो.

ही मशीनवर बसली होती. पोहणाऱ्याच्या आईने पलंगावरच्या मोठ्या चादरी हिला शिवायला दिल्यात. म्हटलं, सरक, मी मारतो टीप. ही म्हणाली, नको. सरळ, नको. तेहतीस वर्षांत असं पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाली, कापड जड आहे, खाली लोंबतंय, पलीकडून धरा.

धरलं.

जरा वेळाने म्हणाली, अहो, ओढू नका, त्यानेच सुया मोडतात. ते आपोआप पुढे जातं. नुसतं धरा.

तासभर नुसतं धरलं. टीप सरळ चालली होती. चूक शोधली नाही. शेवटचं टोक सुईखालून गेलं, हिने दोरा तोडला आणि म्हणाली, झालं, सोडा आता.

मी आणखी थोडा वेळ धरूनच बसलो.