रिता या नावाचा अर्थ

सानगडी,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय वीरू,

तू, बाळ आणि बाळाची आई बरे असाल. इथे धान कापून झालं, मळणी राहिली आहे. आईचे गुडघे तसेच. फोनवर बोलताना ती जवळच बसलेली असते, म्हणून लिहिते आहे.

बारशाच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू 'रिता' या नावाचं मूळ किती हौसेने सांगत होतास. संस्कृतात ऋत, म्हणजे सत्य. ग्रीकांच्या मार्गारिटाचा तुकडा, म्हणजे मोती, आणि तो शब्दही बहुधा जुन्या इराणी भाषेतून तिकडे गेलेला. आई मधेच उठली, तेव्हा पाय अवघडले असं मी सांगितलं. पाय नव्हते अवघडले. परसात जाऊन ती मला म्हणाली, "त्याले कोनं सांगतलं हे नाव?"

कोणीच नाही. आम्ही ते घरात कधी उच्चारलंच नव्हतं. तुझ्या जन्माआधी आपल्याला एक थोरली बहीण होती, रिता. सात वर्षांची असताना शिंगाडे काढायला तलावात उतरली. दुसऱ्या दिवशी सापडली. मी चार वर्षांची होते. "रिता म्हंजे रिकामा. असं नाव ठेवलं म्हनून घर रितं झालं," आई तेव्हा म्हणाली, आणि तिचा फोटोसुद्धा ठेवला नाही.

आता तू फोनवर बाळाला नावाने हाक मारलीस की आमच्या परसातून कोणी लहान मुलगी ओ देते. रविवारी तूही ऐकलंस. मी म्हटलं, शेजारची पोरगी आहे. शेजारी पोरगी नाही, वीरू.

नाव बदल, असं मी तुला लिहिणार होते. पण सोमवारी दिवेलागणीला आई तलावाच्या पाळीवर गेली. मी मागे होते. पाण्याकडे पाहून ती रोजच्या आवाजात बोलली, "रिता माय, तुया नावाची भाची आली. आता तिले ओ देऊ दे."

वारा नव्हता. मग पलीकडच्या काठावरून ओ आली. लेकराची नव्हती. माझ्या वयाच्या बाईची होती.

मी आईचा हात घट्ट धरला. ती घाबरली नव्हती.

"मोठी झाली," एवढंच म्हणाली, आणि घराकडे वळली.

तेव्हापासून परस गप्प आहे. आईने सांगितलंय, नाव बदलू नको, संक्रांतीला लेकीला घेऊन ये. मला अजून भीती वाटते. तरी ये.

तुझी मधली बहीण,
हर्षा