गुलाब्याशी माझं काही वैर नाही

२ सप्टेंबर, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. मन शांत राहावं म्हणून. दुसरं काही कारण नाही.
काल इस्त्रीचा शर्ट शोधताना कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं एक पोस्टर सापडलं. कोरियन गाण्यांचा ग्रुप. पाच पोरं. मधल्याचे केस गुलाबी. पोस्टर हिच्या बाजूला. ही म्हणजे माझी पत्नी. वय एक्कावन्न, हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर एकोणीस वर्षं नोकरी, हसायचं झालं तरी आधी चष्मा पुसणारी बाई. विचारलं, हे काय आहे. म्हणाली, पोस्टर.
मी विषय वाढवला नाही. सव्वीस वर्षं वर्तमानपत्रात संगीताची समीक्षा लिहितोय. गुलाबी केसांनी विचलित होणाऱ्यांतला मी नव्हे.
निश्चय: या विषयावर पुन्हा एक ओळ लिहायची नाही.

३ सप्टेंबर
गुलाब्याचं वय सत्तावीस. उंची पाच फूट अकरा. पोहता येतं. हे सगळं फोनवर सहज दिसलं. अडतीस मिनिटांत.

५ सप्टेंबर
लेक कॉलेजात आहे. आईच्या डोक्यात हे खूळ तिनेच भरलं असणार, म्हणून तिला खडसावलं. ती म्हणाली, बाबा, उलटं आहे, आईनेच मला नादी लावलं. आई दोन वर्षं ऐकतेय. त्यांच्या फॅन-क्लबात चारशे बायका आहेत आणि आई त्याची अ‍ॅडमिन आहे.
दोन वर्षं. मी या घरात राहतो की नुसता मुक्कामाला येतो? अर्थात संध्याकाळी मी मैफलींना असतो. कामच तसं आहे.

७ सप्टेंबर
भांडी विसळताना ही गुणगुणत होती. कोरियन. मी सौम्यपणे लक्षात आणून दिलं की स्वर किंचित उतरतोय. म्हणाली, बरं. गुणगुणणं थांबलं.
समीक्षकाला घरी-दारी एकच न्याय हवा. नळाचा आवाज तेवढा फार मोठा वाटला.

९ सप्टेंबर
ग्रुप आपल्या शहरात येतोय. अठरा तारखेला, स्टेडियममध्ये. आज तिकीट-विक्री. ही सकाळपासून फोन घेऊन ऑनलाइन रांगेत. नंबर एकसष्ट हजार दोनशे बारा. अकरा मिनिटांत सगळं संपलं. ही फोनकडे बघत बसून राहिली. मी म्हटलं, कान वाचले म्हणायचे. ही उठून ड्यूटीला गेली. डबा विसरली.

१० सप्टेंबर
विचार करून असं ठरवलं की या कार्यक्रमाचं तटस्थ मूल्यमापन झालंच पाहिजे. तटस्थपणे असा फाडतो की चारशे बायकांचे डोळे उघडतील. संपादकांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, माइक मोठा लावला म्हणून तुम्ही मागे एकदा उठून आला होतात. मी म्हटलं, समीक्षकाने सगळं ऐकावं. ते म्हणाले, जा मग, आयोजकांनी दोन पास दिलेत, घरच्या कुणाला तरी घेऊन जा.
मी म्हटलं, आमच्या घरी कुणाला यात रस नाही.
कसं निघालं तोंडातून कोण जाणे. फार सहज निघालं. संपादकांनी दुसरा पास ड्रॉवरमध्ये टाकला.

११ सप्टेंबर
मी केलं ते बरोबरच आहे. प्रेसचा पास प्रेससाठी. उद्या डॉक्टरची बायको म्हणून कुणी ऑपरेशनला उभं राहील काय? हे उदाहरण चपखल आहे. कुणी विचारलं तर वापरायचं.
कुणी विचारलं नाही.

१३ सप्टेंबर
व्यायाम सुरू. सात मिनिटं. गुडघा.
मग केस काळे करून घेतले. गुलाब्याचा संबंध नाही, उन्हात पांढरे केस चमकतात म्हणून. सलूनवाल्याने रंग अंमळ जास्तच वेळ ठेवला. बुटांना पॉलिश केल्यासारखं दिसतंय. घरी आलो तर दोघी फोनवर वाकलेल्या. गुलाब्याने या कार्यक्रमासाठी केस रुपेरी करून घेतलेत. ही म्हणाली, पुरुषाला पांढरे केस किती शोभतात नाही. मग तिने वर माझ्या डोक्याकडे पाहिलं. बराच वेळ चष्मा पुसत होती.

१५ सप्टेंबर
सांगून टाकलं की मी कार्यक्रमाला चाललोय. कामासाठी. नाइलाज आहे. ही थांबली. विचारलं, एकच मिळाला का पास? मी म्हटलं, एकच.
ती चिडेल अशी तयारी ठेवली होती. डॉक्टरचं उदाहरण जिभेवर होतं. ती म्हणाली, नीट ऐका आणि आल्यावर मला सगळं सांगा. मग माझा शर्ट इस्त्रीला घेतला.
 

१७ सप्टेंबर
हिला तिकीट मिळालं. क्लबातल्या एका बाईचा पाय मोडला, तिने आपलं हिला दिलं. स्टेजच्या अगदी पुढे, उभ्याने. म्हणजे मी कुणाचं काहीच हिरावून घेतलेलं नाही; हिशेब चुकता.
आनंद झाला. डोकं दुखतंय.

१९ सप्टेंबर, सकाळी
काल कार्यक्रम झाला. गेटवरच्या गार्डने मला मुलीला न्यायला आलेला बाप समजून पालकांच्या बाकड्याकडे पाठवलं. पास दाखवूनही दोनदा. प्रेसची जागा साउंडच्या मचाणामागे. स्टेजचा डावा अर्धा भाग दिसायचा, तोही खांब हलला तर. चाळीस हजार माणसं, प्रत्येकाच्या हातात दिव्याची दांडी. मी कानात कापूस घालून वहीत लिहिलं: गोंगाट.
मध्येच सगळी वाद्यं थांबली. रुपेरी झालेला गुलाब्या एकटा गायला लागला. इथे खोटं लिहून उपयोग नाही, कारण हे कुणी वाचणार नाही. वरचा स्वर लागला. लागला आणि तो त्यावर उभा राहिला, घाई न करता. मी कापूस काढला. व्यावसायिक कारणासाठी.
तेवढ्यात मोठ्या पडद्यावर प्रेक्षकांचे चेहरे यायला लागले. दोन मुली, एक छोटं पोर, आणि मग ही. केस सुटलेले, चष्मा हातात, तोंड उघडून गात होती. स्वर उतरला असेल तर उतरो, तिला पर्वा नव्हती. पंचवीस वर्षांत हा चेहरा मी बघितलेला नाही. आणि ती गुलाब्याकडे बघतही नव्हती. डोळे मिटलेले होते.
मत्सर नक्की कुणाचा करावा ते क्षणभर कळेना. अर्थात मत्सराचा प्रश्नच नाही.
रात्रीच परीक्षण पाठवलं. शीर्षक: आवाज आहे, गाणं नाही.

२० सप्टेंबर
परीक्षण छापून आलं. हिने उभ्याउभ्या वाचलं, घडी करून ठेवलं. मी आंघोळीला गेलो. तेवढ्यात संपादकांचा फोन आला तो हिने घेतला. ते म्हणाले, दुसरा पास फुकट गेला वहिनी, पण तुमच्याकडे कुणाला आवडच नाही म्हणे.
हे तिने मला टॉवेल हातात देता देता सांगितलं. आवाज चढवला नाही. मी तत्त्वापासून सुरुवात केली, डॉक्टरपर्यंत आलो. तिने बोलू दिलं. मग म्हणाली, दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. माणसं आली, गेली. मग रोज संध्याकाळी मी आणि या भिंती. तुम्ही मैफलीला. एकदा काउंटरवरच्या मुलीने स्वतःच्या कानातला इअरफोन काढून माझ्या कानात घातला, हे ऐका म्हणाली. एवढंच झालं.
मी म्हटलं, माझ्याबरोबर यायचं होतं, मला दोन खुर्च्या कायम असतात. ती म्हणाली, आले होते की. लग्नाच्या पहिल्या वर्षी. परत येताना तुम्ही म्हणालात, चुकीच्या जागी टाळी वाजवलीस, माझी मान खाली गेली.
मला हे वाक्य आठवत नाही. म्हणजे बोललो असणार.
मग तिने परीक्षणाच्या घडीवर बोट ठेवलं. म्हणाली, स्वर लागला होता. तुम्हालाही कळलं असणार, तुमचे कान चांगले आहेत.


२१ सप्टेंबर
संपादकांना म्हटलं, दुरुस्ती छापायची आहे: स्वर लागला होता. ते म्हणाले, दुरुस्ती तारखेची छापतात, आडनावाची छापतात, स्वराची कोण छापतं. फारच वाटत असेल तर वाचकांच्या पत्रात टाकतो.

२२ सप्टेंबर
छापलं. दीड ओळ. तुंबलेल्या गटाराच्या तक्रारीखाली. नावाऐवजी ‘एक वाचक’. घरी पेपर मुद्दाम त्याच पानावर उघडून टेबलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यावर तीन कपांचे गोल उमटले.

२३ सप्टेंबर
फॅन-क्लबाचा अर्ज भरला. वाटलं होतं सोपा असेल. पहिला प्रश्न, आवडता सदस्य. ‘गुलाब्या’ लिहून खोडलं. लेकीकडून खरं नाव, स्पेलिंगसकट, घेतलं. दुसरा, कधीपासून ऐकता. लिहिलं: अठरा सप्टेंबर, साधारण आठ वाजून दहा मिनिटांपासून. तिसरा, क्लबात का यायचं आहे. इथे वीस मिनिटं गेली. ‘संगीताच्या व्यापक आकलनासाठी’ असं लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं: टाळी कुठे वाजवायची ते शिकायचं आहे.
पाठवला. उद्या होऊनच जाईल. अ‍ॅडमिन घरचीच.

२६ सप्टेंबर, संध्याकाळी ७
मैफलीला गेलो नाही. अर्जासमोर अजून ‘प्रलंबित’. ही शेजारच्या खोलीत फोनवरच आहे. दारातून दोनदा खाकरलो.
लेकीला विचारलं, ओळखीतला माणूस म्हणून जरा आधी नाही का घेता येत. ती म्हणाली, मी बोलले आईशी. आई म्हणाली, ओळखीतला आहे म्हणूनच जरा नीट बघावा लागेल.