धारिणीसाठी एक घागर

१९ एप्रिल
‘धारिणी’चा पाचवा आणि शेवटचा खंड पंधरा जूनला बाहेर पडणार, हे आज पक्कं झालं. प्रकाशक शहाजीरावांनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं. मुखपृष्ठावर प्रभु कलशेट्टीसरांच्या नावाखाली माझंही नाव येणार, हेसुद्धा. आजवर मी कितीतरी लोकांची अडलेली पुस्तकं वेळेत पुरी करून दिली. नाव कुठंच आलं नाही. त्यामुळे सोलापूर स्टेशनवर उतरताना ऊनही बरं वाटलं.

सर गेल्या वर्षी वारले. त्यांचा लिहिण्याचा फ्लॅट जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीत निळा कूलर आहे. पत्नी नागव्वा तळमजल्यावर राहतात. सर भूगोल शिकवायचे. समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही, पण भिंतीभर वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे हातानं काढून लावलेत. नागव्वांनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. म्हणाल्या, “तू आलीस, लई बरं झालं. आता ती मानसं सुटतील की.”

ती माणसं म्हणजे धारिणी जहाजावरची. चौथ्या खंडाच्या शेवटी वारा पडलाय, शिडं लोंबतायत, पिण्याच्या पाण्याची पिंपं कोरडी आहेत. सरांनी त्यांना तिथंच सोडलं, आणि वाचक तेव्हापासून शहाजीरावांना शिव्या घालतायत. मला अवघड वाटत नाही. पाऊस पाडायचा, वारा सोडायचा, किनारा दाखवायचा.

२१ एप्रिल
आज पाण्याचा दिवस. इथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. वॉचमन बसवराजनं खालून कानडीत “नीरू बंतू!”, म्हणजे पाणी आलं, अशी हाक दिली आणि सगळी इमारत धावत सुटली. पिंप, बादल्या, कळशी, कुकरसुद्धा भरून ठेवला.

नागव्वा वर आल्या. त्यांनी तांब्याची घागर काठोकाठ भरली, लिहिण्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवली आणि हिला हात लावू नको म्हणाल्या. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, “सरांची रीत हाय की ती. असू दे.” असते एकेका घराची रीत.

पहिलं प्रकरण संपलं. पाऊस झकास पडलाय. जहाजाचा तांडेल हंबीर तोंड उघडून आभाळाकडं बघत उभा राहतो, तो परिच्छेद मला स्वतःला आवडला.

२३ एप्रिल
फाईलमध्ये पाऊस नाही. बाकी सगळं जिथल्या तिथं आहे. त्या परिच्छेदाच्या जागी एकच ओळ: ‘आभाळ कोरडंच राहिलं.’ जुना मसुदा उघडला असेल म्हणून सगळं शोधलं. चडफडत पुन्हा लिहिलं, पेन ड्राईव्हवर घेतलं. दुपारी पाहिलं तर दोन्हीकडं तीच ओळ.

शहाजीरावांचा फोन. “मॅडम, पाऊस पाडा आणि मोकळ्या व्हा, इथं मुखपृष्ठ छापायला गेलंय.” जसा मी तो अडवून धरलाय.

२५ एप्रिल
पाऊस चौथ्यांदा गेला. खोलीची भट्टी झालीय, आणि कूलर कोरडा. पिंपातलं पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचंय. उंबऱ्याशी घागर मात्र नुसती बसून. शेवटी उचलली आणि कूलरमध्ये ओतली. उचलताना हलकी लागली. ती अर्धीच होती, आणि आत पाण्याच्या रेघेवर मिठाचं पांढरं कडं.

दुपारभर गार हवा. छान काम झालं. वारासुद्धा लिहून टाकला.

२६ एप्रिल
पिंप रिकामं. बादल्या रिकाम्या. कुकरसुद्धा. प्रत्येकात ते पांढरं कडं. बसवराजला बोलावलं. त्यानं नळ, सांधे, खालच्या घराचं छत सगळं पाहिलं. गळती कुठंच नाही. “मॅडम, तुमी लई पानी पिता की,” म्हणून हसत गेला.

नागव्वांना घागरीचं सांगितलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग सगळं सांगितलं. सरांचाही पाऊस असाच जायचा. त्यांनी तहान लिहिली होती, ती खरी झाली, तिच्यावरचा उतारा, पाऊस, काही खरा होईना. मग घरातलं पाणी आटायला लागलं. सरांनी ओळखलं, आणि दर पाळीला पहिली घागर त्या माणसांसाठी ठेवायला सुरुवात केली. तेवढ्यावर ती माणसं गप्प राहिली. गेल्या मे महिन्यात नागव्वा लग्नासाठी मैंदर्गीला गेल्या आणि सर घागर भरायचं विसरले. परत आल्या तेव्हा सर खुर्चीत होते. “ओठ पार तडकलेले. बोर वाळतं तसं झालतं मानूस.” डॉक्टरांनी ऊन लागलं असं लिहून दिलं.

मी संतापले. हे आधी का नाही सांगितलंत? त्या शांतपणे म्हणाल्या, “सांगितलं असतं तर राहिली असतीस व्हय? मला वाटलं, तू शिकलेली, सोडवशील त्यांना.” आता मात्र बॅग भर आणि घरी जा, म्हणाल्या.

गेले नाही. शेवटची प्रकरणं राहिलीयत. माझ्या नावाचं मुखपृष्ठ छापायला गेलंय. आणि आज पाणी येईल, पहिली घागर त्यांची भरू, विषय संपला.

संध्याकाळ: पाणी आलं नाही. मोठी जलवाहिनी कुठंतरी फुटलीय.

२७ एप्रिल
कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचा जार आणला. आधी घागर भरायची म्हणून ती घ्यायला वळले. वळून बघते तो जार कोरडा. झाकण बंद. आत पांढरं कडं. नागव्वांनी आपल्या घरची कळशी आणली, ती उंबरा ओलांडायच्या आत संपली. आता जहाजावरच्यांना दिलेलं पुरत नाही.

मग म्हटलं, बुडवते. किती लाड करायचे? वादळ, खडक, तळ फुटला, सगळे गेले, समाप्त. सरळ शहाजीरावांना पाठवलं. ते खवळले. मी पाठवलेल्या पानावर म्हणे एवढंच आहे: ‘धारिणी तरंगत राहिली. त्यांनी दुर्बिणी काढल्या.’ शेवटच्या खंडाची चेष्टा करताय का, विचारत होते.

दुर्बिणी मी लिहिल्या नाहीत.

२८ एप्रिल
सकाळी बॅग घेऊन निघाले. एस.टी. स्टँडवर बाटली घेतली. तोंडाला लावेपर्यंत कोरडी. दुसरी, तीच गत. शेजारच्या बाई बघत राहिल्या. ती माणसं फ्लॅटमध्ये नाहीत. जो लिहितो त्याच्याबरोबर असतात.

परत आले. घागर इथं आहे. उंबरा इथं आहे.

नागव्वा तांब्या माझ्या ओठांशी धरतात. जीभ ओली होत नाही. त्या रडल्या. मला रडायचंय, पण डोळ्यांत काही —

हाताच्या कातडीवर मीठ. झटकलं की पुन्हा.

२९ एप्रिल
फाईल मी उघडलेली नाही. उघडी आहे.

‘किनारा दिसला. कोरडी जमीन, जुन्या गिरणीची चिमणी. पलीकडं घरं.’

बसवराज सांगून गेला, जलवाहिनीची जोडणी झाली, पाणी उद्या सकाळी नक्की. नागव्वा घागर घेऊन खाली नळाशी बसल्यात. उठणार नाही म्हणाल्या. पहिली धार थेट घागरीत, आणि घागर उंबऱ्याशी. मग जहाजावरचे सोडतील मला. सरांना सोडायचे तसे —

शहाजीरावांचे फोन. उचलत नाही. आवाज निघत नाही. शेवट कधी देताय, असा मेसेज.

येतोय शेवट. मी लिहीत नाहीये, एवढंच.

नवी ओळ. ‘तिसऱ्या मजल्यावर खिडकी. खिडकीत निळा कूलर.’

पुसली. पुन्हा आली. पुसली —

‘हंबीरानं होडी उतरवायला सांगितली. तिथं पाणी आहे, तो म्हणाला. थोडं आहे. एका माणसात असतं तेवढं.’

पंखा बंद, कूलर बंद, आणि वाऱ्याचा आवाज. शेवटी वारा सुटला त्यांना. माझाच असेल, घागर ओतली त्या दिवशी लिहिलेला.

जिन्यात वल्ही. एक, मग एक —

नागव्वा नाहीत त्या. नागव्वा खाली आहेत, नळाशी.

पाणी उद्या सकाळी येणार. बसवराज नक्की म्हणालाय. तेवढी सकाळ होईपर्यंत फक्त दार —